रात्रीत बॅटरी उतरते? जुन्या डिझेल गाडीतली करंट गळती शोधायची रीत

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाडीला इंजिन एकदा चालू झालं की विजेची जवळपास गरज उरत नाही. पंपावर सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-अडवणारी विजेची झडप) असेल तर त्याला एखादा अँपिअर लागतो, बस. पेट्रोल गाडीचं चार्जिंग गेलं तर ती थोड्या वेळात रस्त्यातच बंद पडते आणि दोष लगेच कळतो. डिझेल मात्र चार्जिंग नसतानाही दिवसाउजेडी साताऱ्याहून सांगलीला जाऊन परत येते. दुसऱ्या दिवशी पहाटे चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो आणि आपण म्हणतो, रात्रीत बॅटरी उतरली.

खरं तर ती रात्री उतरलेलीच नसते, आदल्या दिवशी भरलेलीच नसते. ‘बॅटरी उतरते’ या एकाच तक्रारीमागे चार वेगवेगळी दुखणी असू शकतात: बॅटरी म्हातारी झाली, चार्जिंग होत नाही, सेल्फपर्यंत करंट नीट पोचत नाही, किंवा गाडी उभी असताना खरोखरच कुठून तरी करंट गळतोय. चौथं दुखणं हा या लेखाचा विषय. पण पहिली तीन बाजूला काढल्याशिवाय वायरिंग उसकटायला घेतलं तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अख्खा डॅशबोर्ड उघडा पडतो आणि दोष सापडतो इंजिनाच्या तुटक्या अर्थ पट्टीत.

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १३ नंबरचा पाना, दोन मगरी क्लिप लावलेल्या वायरी, आणि होल्डरसकट २१ वॉटचा एक ब्रेकचा बल्ब. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर हायड्रोमीटरही. क्लॅम्प मीटर असेल तर तो डीसी करंट मोजतो का ते आधी बघा. घरगुती वायरिंगवाल्यांकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि गाडीवर लावले की शून्य दाखवून गप्प बसतात.

आधी बॅटरी

गाडी बंद करून चार-पाच तास झाल्यावर बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर व्होल्टेज मोजा, लगवर (खुंटीवर आवळलेल्या वायरीच्या टोकावर) नाही. लग आणि खुंटीच्या मधे पांढरी बुरशी असेल तर आकडा फसवतो. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की थंड डिझेल इंजिनाला फिरवायची आशा सोडा. गाडी नुकतीच बंद केली असेल तर आकडा वर दिसतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, दहा मिनिटांनी मोजा, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो.

झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरांची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, बघा. भरलेल्या बॅटरीत ती १.२५० किंवा त्याच्या वर असते. पाच घरं १.२५० आणि एक १.१८० दाखवत असेल तर ते घर गेलं. अशी बॅटरी चार्जरवर भरते, दुकानात चांगली दिसते आणि घरी आली की रात्रीत बसते. त्यात गाडीचा काही दोष नसतो.

सगळ्यात स्वस्त तपासणीला तर पानाही एकच लागतो. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, रात्री निगेटिव्हचा लग काढून बाजूला ठेवा, काढल्यावर आणि सकाळी लावायच्या आधी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. लग काढलेला असताना १२.६ चे सकाळी १२.२ झाले तर बॅटरी आतूनच खाते आहे. लग काढल्यावर १२.६ टिकतात आणि लावलेल्या रात्री पडतात, तर गळती गाडीत आहे. हे केल्याशिवाय नव्या बॅटरीला पैसे मोजू नका.

बॅटरीच्या माथ्यावरूनही करंट गळतो, हे अनेकांना माहीत नसतं. उसाच्या रस्त्यावरची धूळ, वरून ॲसिडची ओल, दोन्ही मिळून खुंटीपासून खुंटीपर्यंत एक पट्टा तयार होतो. मीटरची काळी तार निगेटिव्ह खुंटीवर ठेवा आणि लाल तार बॅटरीच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून माथा धुवा. त्या आधी झाकणं घट्ट लावा, कारण सोडा घरात गेला तर तिथलं ॲसिड मरतं.

लग काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. बॅटरी नुकतीच चार्जरवरून उतरवली असेल तर तिच्या आसपास हायड्रोजन असतो, तिथे ठिणगी नको आणि विडीही नको.

मग चार्जिंग आणि सेल्फची लाइन

इंजिन चालू करा, थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. आता हेडलाइट आणि ब्लोअर लावा, तरीही १३.५ च्या वर राहिलं पाहिजे. लोड टाकल्यावर १२.८ वर घसरलं तर अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) पट्टा घसरतोय, त्यातले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजलेत किंवा एखादा डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) गेलाय. १४.८ च्या वर गेलं तर कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि तो बॅटरीचं पाणी उकळून संपवणार.

ज्या गाड्यांना अल्टरनेटरच्या पाठीवरच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, तिथे आणखी एक भानगड होते. पंपाचं ऑइल सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं, कार्बन आणि स्लिप रिंग चिकट होतात आणि चार्जिंग कधी होतं, कधी नाही. अल्टरनेटरच्या मागून ऑइलचे ओघळ दिसले तर आधी सील बदला, नाहीतर नवे कार्बन घालूनही महिन्याभरात पुन्हा तेच. आणि हा अल्टरनेटर काढून ठेवला असेल तर गाडी हलवू नका, ब्रेकला बूस्टर मिळत नाही.

दूध संकलनाच्या पिकअपची गोष्ट वेगळी. पहाटे अंधारात हेडलाइट लावून, गावागावात थांबत, प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ. दोन हेडलाइटच दहा अँपिअर खातात आणि आयडलवर जुना अल्टरनेटर जेमतेम तेवढंच देतो. सेल्फने खाल्लेलं परत भरायला रनिंगच मिळत नाही. अशा गाडीत गळती नसतानाही बॅटरी आठवड्याभरात खाली येते. थांब्यावर इंजिन चालू ठेवून किंचित रेस ठेवणं किंवा आठवड्यातून एकदा रात्रभर चार्जर लावणं, एवढाच उपाय.

सेल्फच्या लायनीसाठी एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर धरायचा. पंपाची स्टॉप केबल ओढून ठेवा किंवा सोलेनॉइडची वायर काढा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर ९.६ च्या खाली जायला नको. मग एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा: ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट यात ०.५ च्या आत. इंजिन आणि चॅसी यांच्यामधली विणलेली अर्थ पट्टी गंजून तुटली की करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो, आणि तो बऱ्याचदा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून असतो. सेल्फ मारताना केबल गरम होत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका.

आता गळती: मीटर कसा जोडायचा

गाडी घरी असताना जशी उभी असते तशीच उभी करा. चावी काढा, दिवे बंद, दरवाजे बंद. बॉनेट उघडं ठेवावं लागणार, म्हणून बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा ठेवून काम करायचं असेल तर केबिन लाइटचा दरवाजातला बटण-स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवा.

थेट मीटर लावू नका. निगेटिव्ह लग काढा आणि लग व खुंटी यांच्यामधे तो २१ वॉटचा बल्ब जोडा. गाडीत कुठे सरळ शॉर्ट असेल तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही, म्हणजे मीटरचा फ्यूज आणि तुमचे हात दोन्ही वाचतात. बल्ब लख्ख पेटला तर मोठा लोड चालू आहे किंवा शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत मीटर पेटीतच राहू द्या. मंद तांबडा दिसला तर काही शेकडा मिलिअँपिअर. काहीच दिसलं नाही तर गळती नाही असं समजू नका, कारण लहान करंटला हा बल्ब पेटतच नाही. तिथून पुढे मीटरचं काम.

मीटरची लाल तार ‘१० ए’ लिहिलेल्या भोकात घाला, नॉब डीसी १० अँपिअरवर. लाल टोक गाडीच्या लगला, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला मगरी क्लिपने पकडा. हे सगळं लग खुंटीवर असतानाच करायचं आणि मग लग अलगद उचलायचा, म्हणजे करंट एक क्षणही न तुटता मीटरमधून वाहू लागतो. ही नुसती टापटीप नाही. एखादा रिले (विजेने चालणारा स्विच) विजेने अडकून बसला असेल तर लग उचलताच तो सुटतो, मीटर शून्य दाखवतो आणि दोष हाती लागायच्या आधीच पळून जातो. बल्बची तपासणी करताना नेमकं हेच झालेलं असू शकतं. म्हणून बल्ब काढून लग परत लावल्यावर चावी एकदा चालू-बंद करा, गाडी थोडी चालवून आणा आणि मग मीटर जोडा.

मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी आतून तापवणारे) लावायचे नाहीत, हेडलाइट लावायचे नाहीत. स्वस्त पिवळ्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो. आणि काम झालं की लाल तार लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. तार तिथेच विसरून नंतर बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट असतो, तार हातात जळते.

पहिला आकडा मनावर घेऊ नका. गाण्यांचा टेप, घड्याळ, ट्रॅकर हे सुरुवातीला जास्त घेतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

आकडाच नाव सांगतो

नव्या कॉम्प्युटरच्या गाड्यांमध्ये ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं असं म्हणतात. तो हिशेब जुन्या डिझेलला लावू नका. ज्या गाडीत ईसीएमच (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही, तिथे घड्याळ आणि टेपची मेमरी सोडली तर उभ्या गाडीत काहीच चालू नसतं. दोन्ही नसतील तर शून्य, असतील तर १० ते २० मिलिअँपिअर. त्याच्या वरचा प्रत्येक मिलिअँपिअर कुणीतरी नंतर जोडलेला आहे किंवा काहीतरी बिघडलेलं आहे.

आकडा ओळखीचा असतो. ०.१५ अँपिअरच्या आसपास म्हणजे बहुधा एका रिलेची कॉइल चालू राहिलेली. ०.४ म्हणजे ५ वॉटचा एक बल्ब: केबिनचा, डिकीचा किंवा हौदातला. साडेतीन म्हणजे ब्रेकचे दोन बल्ब, पेडलवरचा ब्रेक स्विच अडकलाय. मागे जाऊन बघितलं तरी दिसेल. तीन ते चार अँपिअर आणि मागे काहीच पेटलेलं नाही, तर अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा विद्युतचुंबक). तीस-चाळीस अँपिअर असेल तर मीटर टिकणारच नाही, तो हीटर प्लगचा आकडा आहे.

७० एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा हिशेब मांडून बघा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ एएच जातात, अर्धी व्हायला चार आठवडे लागतात. ०.३ अँपिअरने पाच दिवस. एक अँपिअरने दीड दिवस. चार अँपिअर असतील तर दहा तासांच्या एका रात्रीत ४० एएच, म्हणजे सकाळी सेल्फची आशा नाही. गाडी किती दिवस उभी राहिली की बसते, यावरून गळती किती असेल याचा अंदाज मीटर लावायच्या आधीच बांधता येतो. मीटरचा आकडा त्या अंदाजाशी जुळत नसेल तर तुम्ही मोजलं तेव्हा दोष हजर नव्हता.

फ्यूज बॉक्स

मीटर बॉनेटवर दिसेल असा ठेवा आणि फ्यूज एकेक काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या लायनीत दोष. काढलेला फ्यूज लगेच परत घालू नका, आधी सगळे तपासा. कधी दोन लायनी वेगवेगळ्या गळत असतात. फ्यूज बॉक्सचं झाकण हरवलेलं असतं आणि वायरी कुणी कुणी हलवलेल्या असतात, त्यामुळे वरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

फ्यूज न काढताही लाइन ओळखता येते आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाला हीच रीत बरी. त्यासाठी लग खुंटीवर परत लावा आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर दोन टोकं टेकवा. करंट नसेल तर ०.०. दहा अँपिअरच्या साध्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून साधारण १३० मिलिअँपिअर जात आहेत. जुन्या जीपमधल्या काचेच्या फ्यूजवर हा हिशेब जमत नाही, कारण टोपीवरचा गंजच जास्त व्होल्ट खातो. त्या फ्यूजच्या टोप्या आणि क्लिपा आधी बारीक पॉलिश पेपरने घासा.

लाइन सापडली की त्यावरची एकेक वस्तू कप्लर (वायरींचा जोड-प्लग) काढून वेगळी करा. आकडा ज्या कप्लरला पडतो तिथे थांबा. वायर कापून बघू नका. कापलेल्या प्रत्येक वायरीचा जोड पुढच्या पावसाळ्यात नवा दोष होतो.

फ्यूज काढूनही आकडा पडत नाही

जुन्या डिझेलमध्ये खरी गंमत इथे आहे. सगळे फ्यूज टेबलावर आणि मीटर अजून अर्धा अँपिअर दाखवतोय. बरेच जण इथे हात टेकतात. पण फ्यूज बॉक्समधून न जाणाऱ्या लायनी मोजक्याच असतात: अल्टरनेटरची जाड वायर, सेल्फ, हीटर प्लगचा रिले आणि चावीच्या स्विचला जाणारी मुख्य वायर.

अल्टरनेटरपासून सुरुवात करा, कारण दोष बहुधा तिथेच असतो. त्याची बी प्लसची जाड वायर कायम बॅटरीला जोडलेली असते आणि उलटा करंट फक्त डायोडांनी अडवलेला असतो. डायोड गळका झाला की करंट आत शिरतो. पॉझिटिव्ह बाजूचा डायोड पूर्ण शॉर्ट झाला तर तो करंट छोट्या एक्साइटर डायोडांमधून रोटरला पोचतो आणि उभ्या गाडीत रोटर लोहचुंबक होऊन बसतो. चावी खिशात ठेवा, पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या मधल्या नटाजवळ न्या. टोक ओढलं जाऊन चिकटलं तर रोटरमध्ये करंट आहे, पुढचं काही तपासायची गरज नाही. सकाळी, इंजिन गार असताना अल्टरनेटरला हात लावला आणि तो कोमट लागला तरी तेच. चावी बंद असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणताना दिसणं किंवा चावी चालू केल्यावर तो न लागणं, हीदेखील याच डायोडची खूण.

खात्रीसाठी निगेटिव्ह लग काढा, बी प्लसची वायर नट सोडून वेगळी करा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि पुन्हा मीटर लावा. आकडा पडला तर डायोड प्लेट बदला. कटआउट बाहेर वेगळा असेल तर आधी त्याचं कनेक्शन बघा. त्याची चावीवरून यायची वायर कुणीतरी घाईत सरळ बॅटरीवर जोडून ठेवलेली असते. चार्जिंग झकास होतं, आणि गाडी उभी राहिली की रोटर रात्रभर तीन-चार अँपिअर पितो. अल्टरनेटर बदलून हा दोष जात नाही.

हीटर प्लग प्रीचेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) इंजिनांना असतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल थेट सिलिंडरात सोडणाऱ्या) बऱ्याच जुन्या इंजिनांना नसतातच. चार प्लग मिळून चाळीस अँपिअरच्या आसपास घेतात, म्हणून त्यांच्या रिलेचे पॉइंट कधी कधी वितळून एकमेकांना चिकटतात. चावी बंद ठेवून प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर व्होल्टेज मोजा. शून्य हवं. १२ दिसलं तर लगेच निगेटिव्ह काढा, कारण दोन तासांच्या आत बॅटरी संपते आणि प्लगही जळतात. रिलेला ठोकून पॉइंट सुटले तरी तो रिले परत वापरू नका. काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही टायमर थोडा वेळ हीटर चालू ठेवतो, तो दोष नाही. चावी बंद केल्यावर मात्र बंद व्हायलाच हवा.

सेल्फ क्वचित गळतो. सोलेनॉइडच्या डोक्यात तांब्याची आणि कार्बनची भुकटी साचते, त्यात तेल-पाणी मिसळलं की मोठ्या बोल्टपासून बॉडीकडे वाट तयार होते. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरची वायरही सेल्फच्याच बोल्टवर येते, म्हणून दोन्ही एकदम सोडलीत तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आधी अल्टरनेटर वेगळा करा, मग सेल्फ.

चावीचा स्विच झिजला की चावी बाहेर निघते पण आतला पॉइंट सुटत नाही. चावी काढल्यावरही पंपाच्या सोलेनॉइडच्या वायरीत १२ व्होल्ट दिसले तर गाडी चावीने बंदच होणार नाही, म्हणजे ते लगेच कळतं. पण स्टॉप केबलची गाडी असेल तर इंजिन केबल ओढून बंद होतं आणि स्विच चालूच राहिलेला कुणाच्या लक्षात येत नाही. डॅशबोर्डवरचे मीटर, कटआउट, वायपरची लाइन, सगळं रात्रभर जागं.

नंतर जोडलेलं सामान

मूळ वायरिंगपेक्षा नंतर जोडलेल्या वायरिंगनेच जास्त बॅटऱ्या मारल्या आहेत. टेपच्या मागे हात घाला. पिवळी वायर मेमरीची, ती कायम बॅटरीवर, लाल वायर चावीवर, काळी अर्थ. चावी काढूनही गाणी वाजावीत म्हणून पिवळी आणि लाल एकत्र पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मग टेप बंद केल्यासारखा दिसतो पण आतून पूर्ण झोपत नाही. ॲम्प्लिफायर असेल तर आणखी वाईट, कारण त्याला जागं करणारी निळी वायर जर पिवळीला जोडली असेल तर गाणं बंद असलं तरी ॲम्प्लिफायर कायम चालू. हात लावला तर गरम लागतो. आपल्याकडच्या ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर जेवढे स्पीकर असतात ते बघता हे तिथे आधी तपासावं. वायरी सोडवा, लाल वायर चावीच्या ॲक्सेसरीवर घ्या, पिवळीला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज द्या.

बाकी संशयित: जीपीएस ट्रॅकर, टपावरच्या एलईडी पट्ट्या, मोबाइल चार्जर, रिव्हर्स कॅमेरा, सेंट्रल लॉकिंग, आणि जाड आवाजाच्या हॉर्नचा रिले. ट्रॅकरला कायम करंट लागतोच, पण गाडी गळिताचा हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने शेडात उभी राहणार असेल तर त्याचाही फ्यूज काढा. बॅटरी आपोआपही उतरते: साधारण २५ अंशाला महिन्याला तीन ते पाच टक्के आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की जवळपास दुप्पट. जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडात उभ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा चार्जरवर लावावीच लागते.

पाऊस, पूर, उंदीर

दोष फक्त पावसाळ्यात येत असेल तर पाटण-महाबळेश्वरकडच्या गाडीत सगळ्यात आधी टेललॅम्पचे होल्डर, ट्रेलर सॉकेट आणि समोरच्या पत्र्यावरचा कप्लर उघडा. कोरड्या दिवशी मोजून उपयोग नाही. गाडी ओली असताना मोजा किंवा संशयित कप्लरवर पाण्याचा फवारा मारून आकडा हलतो का बघा.

सांगलीकडे जुनी गाडी घेताना २०१९ आणि २०२१ चा पूर लक्षात ठेवा. पाण्यात गेलेली गाडी रंगरंगोटी करून विकता येते, वायरिंग लपत नाही. फ्यूज बॉक्स उपसून मागची बाजू बघा, सीटखालचे कप्लर उघडा. आत वाळलेला गाळ आणि पिनांवर हिरवी बुरशी असेल तर एक जागा साफ करून भागणार नाही. ती वायरिंग पूर्ण बदलायच्या बोलीवरच किंमत ठरवा.

शेडात शेंगा-ज्वारीची पोती असतील तर उंदीर वायरीही कुरतडतात. उघडं तांबं चॅसीला नीट टेकलं तर फ्यूज उडतो आणि कळतं. ओल्या मातीतून अर्धवट टेकलं तर फ्यूज टिकतो आणि बॅटरी जाते.

दुरुस्तीनंतर

जोड पिळून चिकटपट्टी मारण्यापेक्षा सोल्डर करून वर श्रिंक नळी चढवा. लग आणि खुंटी घासून, घट्ट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी आणि लग नंतर असा क्रम नको. खाली बसलेली बॅटरी अल्टरनेटरच्या भरवशावर सोडू नका, चार्जरवर पूर्ण भरा आणि मगच पुन्हा मोजा.

गळती सापडेपर्यंतची सोय म्हणून निगेटिव्हला कट-ऑफ स्विच बसवला तर हरकत नाही. सेल्फचा करंट त्यातून जाणार, म्हणून तो जाड पट्ट्यांचा घ्या. इंजिन चालू असताना तो कधीही फिरवू नका, अल्टरनेटरचे डायोड एका झटक्यात जातात आणि बरी होत आलेली गाडी नव्याने गळायला लागते.

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मालिकेत असतात आणि १२ व्होल्टचा टेप चालवायला कुणीतरी एकाच बॅटरीवरून वायर घेतलेली असते. ती बॅटरी दर वेळी अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उकळते, आणि दोन्ही वर्षाच्या आत जातात. दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. ०.२ च्या वर फरक असेल तर ती वायर शोधून काढा आणि टेपला २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. बदलताना दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच एएचच्या घ्या.